गुळाने गाईची साखर का वाढत नाही: आटवण्यापासून दूध भरात येईपर्यंत काय करायचं

गाय व्याली की आमच्याकडे आधी चुलीवर बाजरी चढते. शिजलेल्या बाजरीत गूळ, वरून थोडं तेल. व्यालेलीच्या अंगात ताकद यावी म्हणून. मीही हे वर्षानुवर्षं केलं. मग एकदा एक एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) गाय व्यायल्यावर तेराव्या दिवशी खुराकाला तोंड लावेना, नुसता कडबा चघळत उभी राहायची. मी गूळ वाढवला. रोज दोन किलोपर्यंत नेला. दूध १८ लिटरवरून ७ वर आलं. डॉक्टरांनी तिच्या तोंडाचा वास घेतला, लघवी तपासली, कितनबाधा म्हणजे किटोसिस (रक्तात साखर कमी पडून, चरबी अर्धवट जळून होणारी कीटोन नावाची द्रव्यं वाढण्याचा आजार) असल्याचं सांगितलं आणि पहिल्यांदा गूळ बंद करायला लावला. रक्तात साखर कमी आणि गूळ बंद करायचा, हे मला तेव्हा पटेना. ते पटायला गाईच्या शरीरात साखर कशी घडते हे समजून घ्यावं लागलं. म्हणून आधी ते सांगतो आणि मग कामं.

साखर येते कुठून

आपण भाकरी खाल्ली की तिचा स्टार्च आतड्यात फुटतो आणि त्यातलं ग्लुकोज थेट रक्तात जातं. गाईचं तसं नाही. तिने खाल्लेलं सगळं आधी कोठीपोटात पडतं. मोठ्या गाईचं कोठीपोट १०० लिटरच्या वरचं असतं आणि त्यात कोट्यवधी सूक्ष्मजीव बसलेले असतात. वैरण असो, भरडा असो की गूळ, पहिला हक्क त्यांचा. ते सगळं आंबवून त्याची आम्लं करतात. मुख्य तीन: ॲसेटिक, प्रोपिओनिक आणि ब्युटिरिक. चाऱ्यावरच्या गाईत त्यांचं प्रमाण साधारण ६५, २० आणि १५ असं असतं. गाईला लागणाऱ्या ग्लुकोजपैकी आतड्यातून थेट मिळणारा वाटा बहुतेक वेळा दहा टक्क्यांच्याही आत असतो.

या तिघांत ॲसेटिक आम्लातून ऊर्जा आणि दुधाची फॅट तयार होते, पण साखर नाही. ब्युटिरिकचा बराचसा भाग कोठीपोटाच्या भिंतीतच कीटोन होऊन बाहेर पडतो. साखर होते ती प्रोपिओनिक आम्लाची. ते रक्तातून यकृतात जातं आणि तिथे त्याचं ग्लुकोज बनतं. निम्म्याहून जास्त ग्लुकोज या एकाच कच्च्या मालातून येतं. उरलेलं लॅक्टिक आम्ल, प्रथिनांतली अमिनो आम्लं आणि चरबीतलं ग्लिसरॉल यांतून येतं. थोडं काम मूत्रपिंडंही करतात. प्रोपिओनिकची साखर करायला यकृताला बी-१२ जीवनसत्त्व लागतं. ते कोठीपोटातले सूक्ष्मजीव बनवतात आणि त्यांना त्यासाठी कोबाल्ट लागतं. खनिज मिश्रण रोज द्यायचं असतं त्यामागे हेही एक कारण आहे.

साखर कारखान्याच्या पट्ट्यात राहणाऱ्याला हे लगेच कळेल. यकृत म्हणजे कारखाना आणि प्रोपिओनिक आम्ल म्हणजे ऊस. उसाच्या गाड्या आल्या नाहीत तर कारखान्याच्या दारात साखरेची पोती आणून टाकल्याने गाळप होत नाही.

आता गुळाचं बघा. गूळ कोठीपोटात पडला की तासा-दीड तासात आंबून जातो. त्यातून ब्युटिरिक आम्ल जास्त निघतं, म्हणजे कीटोनांत भरच पडते. माझ्या गाईला मी तेच करत होतो. व्यायल्यावर कोमट पाण्यात मूठभर गूळ दिला, ती चवीने पाणी प्याली, तर त्यात वाईट काही नाही. पण रक्तातली साखर वाढवायला किलोकिलोने गूळ घालणं चुकीचं. तेलातुपाचंही तसंच. चरबीच्या आम्लांची साखर होत नाही आणि जास्त तेल चारा पचवणाऱ्या सूक्ष्मजीवांना मारक ठरतं.

वासराची गोष्ट मात्र वेगळी. तान्ह्या वासराचं कोठीपोट चालू झालेलं नसतं, दूध थेट चौथ्या पोटात उतरतं आणि दुधातल्या साखरेचं ग्लुकोज रक्तात जातं. त्यामुळे त्याच्या रक्तातली साखर माणसाच्या जवळपास असते. चारा खाऊ लागलं की ती हळूहळू खाली येते. मोठ्या गाईत ४५ ते ७५ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर हे नेहमीचं प्रमाण. आपल्या आकड्यांच्या हिशेबाने हे कमी वाटतं, पण तिच्यासाठी बरोबर आहे.

साखर जाते कुठे

दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, ग्लुकोजचीच बनते आणि ती कासेत पाणी ओढून घेते. म्हणून किती लिटर दूध होणार हे मोठ्या प्रमाणात लॅक्टोजवर ठरतं. एक लिटर दुधाला साधारण ७२ ग्रॅम ग्लुकोज लागतं. २० लिटरच्या गाईला नुसत्या दुधासाठी रोज जवळपास दीड किलो. आणि तिच्या सगळ्या रक्तात एका वेळी ग्लुकोज असतं जेमतेम १५ ते २० ग्रॅम, म्हणजे तीन-चार चमचे. साठा असा नाहीच. जे लागतं ते यकृताने दिवसरात्र घडवत राहायचं.

माणसाचं यकृत उपाशीपोटी साखर घडवायला लागतं, जेवल्यावर थांबतं. गाईचं यकृत भरल्या पोटी जास्त घडवतं, कारण चारा आला तरच कच्चा माल येतो. म्हणून व्यालेल्या गाईने एक वेळ जरी खाणं सोडलं, तरी साखरेच्या हिशेबाने ती मोठी गोष्ट आहे. पुढे सांगितलेली जवळपास सगळी कामं या एकाच गोष्टीसाठी आहेत: तिचं खाणं एकही दिवस तुटू नये.

शरीर याचं नियंत्रण कसं करतं तेही थोडक्यात बघू. व्यायच्या सुमारास इन्सुलिन खाली येतं, ग्रोथ हार्मोन वाढतं आणि स्नायू व चरबी इन्सुलिनला दाद देईनाशा होतात. म्हणजे अंगाने साखर घ्यायचं कमी केलं. कासेला मात्र साखर ओढायला इन्सुलिन लागतच नाही. त्यामुळे शरीरातल्या ग्लुकोजचा मोठा वाटा, भरात असलेल्या गाईत तर ६० ते ८५ टक्के, कासेकडे जातो. ती स्वतःच्या अंगाला मागे ठेवून दूध देत राहते. मला या जनावराबद्दल सगळ्यात जास्त वाटतं ते याच ठिकाणी. तिचं शरीर आधी वासराचा विचार करतं, मग तिच्या शरीराचा विचार आपण करायला हवा.

दूध चौथ्या ते आठव्या आठवड्यात भरात येतं, पण पुरेपूर खायची भूक यायला दहा-बारा आठवडे लागतात. मधली तूट ती अंगावरची चरबी वितळवून भरून काढते. ही चरबी यकृतात पूर्ण जळायला एक जोडीदार लागतो आणि तो प्रोपिओनिकपासूनच बनतो. तो साखर बनवण्यात खर्च झाला की चरबी अर्धवट जळते. चुलीत ओलं लाकूड घातलं की जाळ कमी आणि धूर जास्त, तसे कीटोन तयार होतात. उरलेली चरबी यकृतातच साठते, यकृत मंदावतं, भूक आणखी जाते. गाडी इथून उताराला लागते.

पहिलं काम: आटवायच्या आधी अंग बघा

व्याताना गाईचं अंग पाचपैकी (१ म्हणजे हडकुळं, ५ म्हणजे लठ्ठ) ३ ते ३.५ गुणांचं असावं. हात लावून बघा. शेवटच्या बरगड्या हलक्या दाबाने लागायला हव्यात, पण लांबून मोजता येऊ नयेत. शेपटीच्या मुळाशी दोन्ही बाजूंना उथळ खळगा दिसावा. खळगा चरबीने भरून सपाट झाला असेल तर गाय जास्त अंगावर आहे. अशी गाय व्यायच्या वेळी कमी खाते आणि व्यायल्यावर चरबी वेगाने वितळवते. किटोसिसचा सगळ्यात मोठा धोका तिला.

लठ्ठ गाईला आटवल्यावर, म्हणजे दूध काढणं बंद केल्यावर, उपाशी ठेवून बारीक करू नका. पोटात वासरू वाढत असताना खाणं तोडलं की चरबी तेव्हाच वितळायला लागते. अंग आटोक्यात आणायचं ते दूध चालू असताना, गाभणपणाच्या सातव्या महिन्यापर्यंत. उलट चूकही आपल्याकडे सर्रास होते: दूध देत नाही म्हणून भाकड गाईला दोन महिने नुसत्या कडब्यावर किंवा उसाच्या वाढ्यावर ठेवतात. वाढ्यात प्रथिनं फारच कमी असतात, कोठीपोटातले सूक्ष्मजीव उपाशी राहतात आणि ऑक्झलेटमुळे कॅल्शियम बांधलं जातं. ६० दिवसांचा आटवण काळ म्हणजे गाईची सुट्टी नव्हे, पुढच्या वेताची तयारी आहे.

दुसरं काम: शेवटचे २१ दिवस

व्यायच्या आधीच्या दिवसांत गाईचं खाणं तीस टक्क्यांपर्यंत घटू शकतं. त्याच वेळी वासरू सगळ्यात जास्त ग्लुकोज ओढत असतं.

व्यायल्यानंतर जो खुराक देणार आहात, तोच व्यायच्या तीन आठवडे आधी सुरू करा. रोज अर्धा-एक किलोपासून हळूहळू दोन-तीन किलोपर्यंत न्या. दाण्यातला स्टार्च आंबवणारे सूक्ष्मजीव वाढायला दोन-तीन आठवडे लागतात. आम्लं शोषून घेणारे कोठीपोटातले बारीक केस वाढायला त्याहून जास्त. ही तयारी नसताना व्याल्या दिवशी एकदम सहा किलो खुराक टाकला तर आम्लता वाढते, गाय खाणं सोडते आणि साखरेचा कच्चा मालही थांबतो.

या काळात खनिज मिश्रण आटवण काळासाठीचं असेल ते द्या. दूधवाल्या गाईचं जास्त कॅल्शियमचं मिश्रण दिल्याने दुग्धज्वराचा (व्यायल्यावर रक्तातलं कॅल्शियम घसरण्याचा) धोका वाढतो आणि दुग्धज्वर झालेली गाय खात नाही. गोठ्यातली जागा, दावण, सोबतच्या गाई शक्यतो बदलू नका. मुक्त संचार गोठ्यात दांडगी गाय गव्हाणीवरून हाकलत असेल तर कमजोर गाईला वेगळं खायला द्या. हाकललेली गाय मागे उभी राहते आणि उपाशी आहे हे आपल्याला दिसत नाही.

तिसरं काम: व्याल्या दिवशी

कोमट पाणी, जितकं पिईल तितकं. समोर तिला आवडणारी ताजी वैरण: लसूणघास, हिरवा मका, चांगला मुरघास (हवाबंद मुरवलेला हिरवा चारा). बाजरी शिजवायची रीत असेल तर एखादा किलो द्या, घमेलंभर नको. जार (वार) बारा तासांत पडली नाही तर वाट न बघता डॉक्टरांना सांगा. अडकलेल्या जारीने ताप येतो आणि ताप आला की भूक जाते.

चौथं काम: पहिले तीन आठवडे वाढवत न्या

खुराक रोज पाव ते अर्धा किलोने वाढवा. आपल्याकडचा जुना हिशेब चांगला आहे: अंगासाठी दीड-दोन किलो आणि गाईच्या दर अडीच लिटर दुधामागे एक किलो. म्हशीला दर दोन लिटरमागे एक. २० लिटरच्या गाईला हे साडेनऊ-दहा किलोवर जातं. ते दोन वेळांत कोंबू नका. एका वेळी तीन किलोच्या वर नको, तीन-चार वेळा विभागून द्या आणि आधी वैरण, मग खुराक. एकूण कोरड्या आहारात खुराक साठ टक्क्यांच्या वर जाऊ देऊ नका.

प्रोपिओनिक वाढवायला दाण्याचा स्टार्च लागतो, पण तो किती वेगाने आंबतो हे महत्त्वाचं. गहू, शिजलेली बाजरी, शिजलेला भात वेगाने आंबतात. मका आणि ज्वारी सावकाश. म्हणून ताज्या व्यालेल्या गाईसाठी मक्याचा भरडा मला सगळ्यात भरवशाचा वाटतो. तो जाडसर दळा. मक्याच्या स्टार्चचा थोडा भाग कोठीपोटातून सुटून आतड्यातही पोचतो. लग्नातला उरलेला भात, पुऱ्या, कणीक कोणी प्रेमाने आणून टाकली तरी गाईसमोर ठेवू देऊ नका. आम्लतेने एका रात्रीत गाई दगावतात. खुराक जास्त जात असेल तर दिवसाला १०० ते १५० ग्रॅम खाण्याचा सोडा खुराकात मिसळून द्या.

मुरघासाचा वास घ्या. आंबट-गोडसर वास म्हणजे ठीक. काळपट, बुळबुळीत आणि कुजका, उलटी आणणारा वास असेल तर त्यात ब्युटिरिक आम्ल झालंय. ते सरळ कीटोनच्या खात्यात जातं. असा मुरघास ताज्या व्यालेल्या गाईला अजिबात नको.

बायपास फॅटबद्दल, म्हणजे कोठीपोटात न फुटता पुढे जाणाऱ्या चरबीबद्दल, नेहमी विचारलं जातं. त्याने ऊर्जा मिळते आणि दुधाची फॅट टिकते, पण त्याची साखर होत नाही. खाणं नीट चालू असलेल्या गाईला द्या. खाणं सोडलेल्या गाईवर तो उपाय नव्हे. पाणी मात्र दिवसभर समोर हवं. २० लिटरची गाय ८० ते १०० लिटर पिते आणि पाणी कमी पडलं की वैरणही कमी खाते.

पाचवं काम: लक्ष कुठे ठेवायचं

पहिली खूण गव्हाणीत दिसते. किटोसिसची गाय बहुतेक वेळा आधी खुराक सोडते, मग हिरवा चारा आणि कडबा शेवटपर्यंत चघळते. रोज दुपारी डाव्या कुशीकडे बघा. शेवटच्या बरगडीमागचा खळगा खोल दिसला तर पोट रिकामं आहे. शेण घट्ट, चिकट आवरणाचं. तोंडाला, दुधाला गोडसर, नखांचं पॉलिश पुसायच्या द्रवासारखा वास. हा वास सगळ्यांना येत नाही, तेव्हा घरातल्या दुसऱ्या माणसालाही घ्यायला लावा. काही गाई वेड्यासारख्या भिंत, दावं, स्वतःचं अंग चाटत राहतात, गोल फिरतात, हंबरतात. असं असेल तर पिसाळलेलं जनावरही असू शकतं. तोंडात हात घालू नका, डॉक्टरांना बोलवा.

दुसरी खूण दूध संकलनाच्या पावतीवर आहे, आणि ती बहुतेक जण उलटी वाचतात. व्यायल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात फॅट ३.५ वरून एकदम ५ वर गेली की दर वाढला म्हणून आनंद होतो. ती फॅट बऱ्याचदा गाईच्या अंगावरची चरबी असते. सोबत प्रथिनं खाली येतात. फॅटला प्रथिनांनी भागून उत्तर १.४ च्या वर आलं तर संशय घ्या. मात्र सगळ्या गाईंचं दूध एकत्र गेलं तर यातलं काही कळत नाही. ताज्या गाईचा नमुना दहा-पंधरा दिवसांनी एकदा वेगळा तपासून घ्या.

तिसरी खूण चाचणीची. लघवीची रोथेरा चाचणी दवाखान्यात होते, जांभळा रंग आला की कीटोन आहेत. रक्तातला कीटोन मोजायचं हातातलं यंत्र, माणसांसाठी असतं तेच, गाईतही चांगलं चालतं. बीएचबी (रक्तातला मुख्य कीटोन) १.२ मिलिमोल प्रति लिटरच्या वर गेला की आतला किटोसिस सुरू आहे, गाय वरून चांगली दिसत असली तरी. ३ च्या आसपास बहुतेक वेळा लक्षणं दिसू लागतात. तपासायचं ते व्यायल्यानंतर तिसऱ्या ते चौदाव्या दिवसांत, किमान दोनदा. नुसती साखर मोजून तितकंसं कळत नाही, कारण ती खाण्याप्रमाणे आणि ताणाप्रमाणे हलत राहते.

आतला किटोसिस सोडून देऊ नका. गाय खाते, दूध देते, पण माज उशिरा दाखवते आणि भरवली तरी वारंवार उलटते, म्हणजे गाभण राहत नाही. चौथं पोट सरकण्याचा धोकाही वाढतो.

सहावं काम: कितनबाधा झालीच तर

डॉक्टर शिरेतून ५० टक्के डेक्स्ट्रोज देतात. आपण त्याला बाटली लावणं म्हणतो. ५०० मिलिलिटरच्या बाटलीत २५० ग्रॅम साखर असते. वर सांगितलेला हिशेब लावा: २० लिटरच्या गाईला ही तीन-चार तासांपुरती. त्यातलीही काही लघवीतून निघून जाते. म्हणून बाटली लावली, गाय तरतरीत झाली, संध्याकाळी पुन्हा मलूल, असं होतं आणि आपण औषधाला दोष देतो. बाटली म्हणजे बंद पडलेला कारखाना पुन्हा पेटवायला दिलेली काडी. पुढे तो चालायला माल लागतो.

तो माल म्हणजे प्रोपिलीन ग्लायकॉल. काही अंशी कोठीपोटात त्याचं प्रोपिओनिक होतं, काही अंशी ते तसंच यकृतात पोचून ग्लुकोज होतं. साधारण ३०० मिलिलिटर, दिवसातून एकदा, तीन ते पाच दिवस. डॉक्टर सांगतील तेवढंच. जास्त दिलं तर गाय सुस्त होते, झोकांड्या खाते. जनावरांसाठीचंच घ्या. गाडीच्या रेडिएटरमध्ये घालायचं कूलंट बहुधा एथिलीन ग्लायकॉलचं असतं आणि ते विष आहे, नावं सारखी वाटली तरी. पाजताना गाईचं तोंड फार वर ओढू नका, जीभ धरून ठेवू नका, थोडं थोडं ओता. ठसका लागला की थांबा, कारण औषध फुप्फुसात गेलं तर न्यूमोनिया होतो.

स्टिरॉइडचं इंजेक्शन डॉक्टरांच्या निर्णयाने. गाभण गाईला आणि आत कुठे जंतुसंसर्ग असलेल्या गाईला ते महागात पडतं. आणि मुळात खाणं का सुटलं ते शोधायलाच हवं. ताप, कासदाह, गर्भाशयाचा दाह, लंगडणं, सरकलेलं पोट, यांपैकी काही असेल तर साखर भरून उपयोग नाही. कासदाहासारख्या आजारात रोगाशी लढणाऱ्या पेशीच भरपूर ग्लुकोज खातात. बारा तासांत एक किलोच्या वर, असं प्रयोगात मोजलेलं आहे. आजारी गाईचं दूध एकदम का आटतं, ते यावरून कळतं.

उन्हाळ्याबद्दल एक सांगून ठेवतो. मे महिन्यात व्यायला येणारी गाय आधीच कमी खाते, आणि उष्णतेच्या ताणात तिचं शरीर दुधाकडे जाणारी साखर इंधन म्हणून वापरायला लागतं. खुराक पहाटे आणि रात्री द्या, दुपारी सावली, पंखा आणि अंगावर पाणी. नुसती वैरण वाढवून उन्हाळ्यात दूध येत नाही.

ज्या गाईला एकदा कितनबाधा झाली, तिला पुढच्या वेतात पुन्हा होण्याची शक्यता जास्त. माझी ती गाय पाच दिवसांत खुराकाला लागली, महिन्याभरात १६ लिटरवर आली. तिच्या वहीत मी तेव्हाच लिहून ठेवलं: गाभण गेल्यावर सातव्या महिन्यात शेपटीच्या मुळाशी हात लावून बघायचा, आणि पुढच्या वेताला व्यायल्यावर पाचव्या व दहाव्या दिवशी रक्त तपासायचं.